नऊ पावलं आणि एक रिकामी पट्टी

भूत म्हटलं की आपली नजर आधी पायांकडे जाते. ते उलटे असतात, हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. सॅम्युएल बेकेटच्या 'फुटफॉल्स' या नाटकात मात्र पायच दिसत नाहीत. मे नावाच्या बाईचा विरलेला करडा झगा जमिनीवर फरफटत असतो. ऐकू येतात ती पावलं. नऊ पावलं, वळण, पुन्हा नऊ.

१९७६ साली लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये, बेकेटच्या सत्तरीनिमित्त, हे नाटक पहिल्यांदा झालं. दिग्दर्शन त्याचंच. मेच्या भूमिकेत बिली व्हाइटलॉ.

रंगमंचावर ना खुर्ची, ना दार. पुढच्या बाजूला मीटरभर रुंदीची उजळलेली पट्टी, बाकी सगळा काळोख. एरवी प्रकाशयोजनाकार आधी नटाचा चेहरा उजळतो. इथे उलटं आहे: प्रकाश जमिनीवर सर्वांत जास्त, अंगावर कमी, चेहऱ्यावर त्याहून कमी. त्यामुळे बाई समोर असूनही पुरती हाती लागत नाही. नव्वदीच्या आईचा तर नुसता आवाज, मागच्या काळोखातून. चालणं पुरेसं नाही, पावलं ऐकूही आली पाहिजेत, म्हणून लेकीने लहानपणी सतरंजी काढायला लावली होती, हे आपल्याला आईच सांगते.

तिसऱ्या प्रवेशात आईचा आवाजही येत नाही. मे एकटीच एका मायलेकींची गोष्ट सांगते. त्यातली एमी म्हणते, त्या संध्याकाळी प्रार्थनेला मी नव्हतेच. आई म्हणते, मी तर तुझा आवाज ऐकला! एमी हे नाव 'मे'चीच इंग्रजी अक्षरं फिरवून केलेलं आहे. म्हणजे मे स्वतःबद्दलच बोलत असावी. ती आहे की नाही, याचा निकाल बेकेट देत नाही, आणि तेच योग्य आहे.

प्रत्येक प्रवेशाआधी घंटा वाजते, दर वेळी आधीपेक्षा क्षीण. उजेडही तसाच उतरत जातो. चौथ्या घंटेनंतर पट्टी पुन्हा अंधूक उजळते. तिच्यावर कुणी नसतं. रंगसूचनेत या रिकामेपणाला दहा सेकंद दिले आहेत.

दहा सेकंद रंगमंचावर फार मोठे असतात. तिथे धूर सोडण्याचा, संगीत भरण्याचा मोह दिग्दर्शकाला होणारच. पण मेचं नसणं जाणवतं ते आधी मोजून टाकलेल्या पावलांमुळे. हे नाटक करायला घेणाऱ्यांनी त्या दहा सेकंदांत काही घालू नये आणि त्यातला एकही कापू नये.