दोन मैदानांचा कर्णधार

क्रिकेट आपल्या देशात घरोघरी पोहोचले आहे. रग्बीचा परिचय मात्र थोड्यांनाच असतो. लंबगोल चेंडू छातीशी धरून प्रतिपक्षाच्या गर्दीतून वाट काढण्याचा हा धसमुसळा खेळ. या दोन्ही खेळांत इंग्लंडचे नेतृत्व करणाऱ्या अँड्र्यू स्टॉडर्टचा जन्म १८६३ मध्ये साउथ शील्ड्स येथे झाला.

४ ऑगस्ट १८८६ रोजी हॅम्पस्टेड क्लबकडून खेळताना त्याने एकाच डावात ४८५ धावा काढल्या. आदली रात्र त्याने पत्ते खेळत जागून काढली होती, असे सांगतात. त्या काळी डाव घोषित करण्याचा नियमच नव्हता. हॅम्पस्टेडच्या ८१३ धावा होईपर्यंत दिवस मावळला आणि प्रतिपक्षाला फलंदाजी मिळालीच नाही! पुढे तसा नियम झाला. १८९३ मध्ये लॉर्ड्सवर कसोटीत डाव घोषित करणारा पहिला कर्णधार ठरला, तो स्टॉडर्टच.

१८८८ मध्ये क्रिकेटसाठी ऑस्ट्रेलियात गेलेला स्टॉडर्ट रग्बी संघासाठी तेथेच थांबला. त्या दौऱ्यात कर्णधार रॉबर्ट सेडन हंटर नदीत बुडून मरण पावला. शोकाकुल संघाची धुरा स्टॉडर्टने उचलली.

डिसेंबर १८९४ मधील सिडनी कसोटी तर विलक्षणच. ऑस्ट्रेलियाने ५८६ धावा केल्या, इंग्लंडवर फॉलोऑन आला. तरीही इंग्लंडने १० धावांनी सामना जिंकला. रात्री पडलेल्या पावसाने ओल्या झालेल्या खेळपट्टीवर पील आणि ब्रिग्ज या गोलंदाजांनी ही किमया केली. हे दोघे मानधन घेऊन खेळणारे व्यावसायिक होते; स्टॉडर्ट हौशी. त्या समाजात मानधन न घेणाऱ्यालाच प्रतिष्ठा होती आणि कर्णधारपदही सहसा त्याच्याच वाट्याला येई. विजय ज्यांनी मिळवून दिला त्यांना हा मान नव्हता, ही गोष्ट आज खटकते.

परंतु हौशी खेळाडूलाही पोट असतेच. स्टॉडर्ट शेअरबाजारात दलाली करी. १८९७-९८ च्या दौऱ्यात आईच्या निधनाची वार्ता आली. तो खचला, पहिल्या कसोटीत उतरलाच नाही. मालिकाही हातची गेली. मैदान सुटल्यावर प्रकृती ढासळली. महायुद्ध सुरू होताच पैसाही बुडाला. एप्रिल १९१५ मध्ये लंडनमधील राहत्या घरी त्याने आपले जीवन संपविले. वय होते ५२.