अक्षरबंदी आणि वस्तीबंदी : अमेरिकी गुलामगिरीचे दोन पहारे

एक कायदा, दोन बंद्या

फेब्रुवारी १८४७ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्याने एक छोटासा कायदा केला. कृष्णवर्णीयांना लिहाय-वाचायला शिकवणारी शाळा कोणीही चालवू नये, असं त्याचं पहिलं कलम सांगत होतं. कृष्णवर्णीय उपदेशकाच्या प्रार्थनासभेला शेरीफ किंवा तसाच एखादा अधिकारी हजर असलाच पाहिजे, अशी पुढची अट होती. त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं : गुलाम नसलेल्या, स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाने कोणत्याही सबबीवर या राज्यात राहायला येऊ नये. कायदा मोडणाऱ्याला ५०० डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकत.

शाळा आणि वस्ती हे दोन विषय एकाच कायद्यात आले, कारण दोन्हींमागे भीती एकच होती. वाचता येणाऱ्या गुलामापर्यंत बाहेरच्या जगाची बातमी पोचत होती. शेजारी राहणारा स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस तर गुलामीविना जगता येतं याचा चालताबोलता पुरावा होता.

आधी बंदी लिहिण्यावर

याची सुरुवात बरीच आधी, ब्रिटिश वसाहतींच्या काळात झाली. सप्टेंबर १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केलं. पुढच्याच वर्षी तिथे गुलामांवर कडक निर्बंध घालणारा कायदा आला. गुलामाला लिहायला शिकवणाऱ्यास त्यात १०० पौंड दंड होता. वाचनावर मात्र त्या वेळी बंदी नव्हती.

गुलामाला मळ्याबाहेर पडायला मालकाची चिठ्ठी लागे आणि वाटेत गस्तवाले ती तपासत. ज्याला लिहिता येई, तो अशी चिठ्ठी स्वतःच तयार करू शकत होता. तेव्हा गुलाम असलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८३६ मध्ये पळून जाण्याच्या पहिल्या प्रयत्नात सोबत्यांसाठी अशाच चिठ्ठ्या लिहिल्या होत्या.

एका पुस्तिकेची दहशत

१८२९ मध्ये बोस्टनमधल्या डेव्हिड वॉकर या स्वतंत्र कृष्णवर्णीय दुकानदाराने गुलामगिरीविरुद्ध एक जळजळीत पुस्तिका छापली. खलाशांच्या हस्ते ती दक्षिणेतल्या बंदरांत पोचली. जॉर्जियाने त्याच वर्षी कायदा करून कृष्णवर्णीयांना शिकवण्यावर बंदी घातली आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशी असलेल्या जहाजांना बंदराबाहेर रोखून धरण्याची तरतूद केली. मजकूर आणि तो आणणारा माणूस, दोघांनाही एकाच कायद्याने अडवलं.

उत्तर कॅरोलिनाचा कायदा १८३० चा. शिक्षणामुळे गुलामांच्या मनात असंतोष पेटतो आणि त्यातून बंड होतं, असं त्याच्या प्रस्तावनेत सरळ म्हटलं होतं. शिक्षा शिकवणारा कोण यावर ठरे. तो गोरा असेल तर १०० ते २०० डॉलर दंड किंवा कैद. स्वतंत्र कृष्णवर्णीय असेल तर दंड, कैद किंवा २० ते ३९ फटके. गुलामानेच दुसऱ्या गुलामाला शिकवलं तर ३९ फटके. आकडेमोड शिकवायला मात्र याच कायद्याने मुभा दिली होती. मालकाच्या कामाला येईल तेवढं ज्ञान द्यायचं आणि माणसाला स्वतःचा विचार करू देईल ते रोखायचं, ही रेषा खुद्द कायद्यानेच आखली होती.

१८३१ मध्ये व्हर्जिनियाने आणि १८३२ मध्ये अलाबामाने असेच कायदे केले. हे कायदे राज्यांचे होते. काही गुलामराज्यांत ते नव्हते, पण तिथेही मालकाचा शब्द पुरेसा होता. मेरीलँडमध्ये कायद्याची बंदी नसतानाही लहानग्या डग्लसला मिळणारे धडे मालकाने थांबवले.

मुक्ती मिळाली, राहायचं कुठे?

व्हर्जिनियाच्या १८०६ च्या कायद्यानुसार मुक्त झालेल्या गुलामाने बारा महिन्यांत राज्य सोडायचं होतं, नाहीतर त्याला पुन्हा विकता येई. अनेकांची बायको-मुलं अजून गुलामच होती. त्यामुळे स्वातंत्र्य की कुटुंब, असा प्रश्न उभा राही. इथेच राहू द्या, अशी विनवणी करणारे अर्ज लोक विधिमंडळाकडे करत. काही जण आपल्याच नातलगांना विकत घेत आणि त्यांना राज्य सोडावं लागू नये म्हणून कागदोपत्री त्यांचे मालक बनून राहत.

आधीपासून राहणाऱ्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही नोंदणी करावी लागे. व्हर्जिनियात त्या नोंदवहीत वय, वर्ण, उंची आणि अंगावरचे व्रणसुद्धा लिहीत. आर्कान्साने १८५९ मध्ये सगळ्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांना १ जानेवारी १८६० पूर्वी राज्य सोडण्याचा हुकूम दिला.

उत्तरेतही बंद दारं

गुलामगिरी नसलेली राज्यंही यातून सुटत नाहीत. ओहायोने १८०७ मध्ये तिथे राहायला येणाऱ्या कृष्णवर्णीयांकडून ५०० डॉलरचं हमीपत्र मागितलं. इंडियानाने १८५१ च्या राज्यघटनेतच त्यांना प्रवेशबंदी केली. इलिनॉयच्या १८५३ च्या कायद्यात दंड भरू न शकणाऱ्याच्या श्रमाचा लिलाव होई. ओरेगॉनच्या घटनेतलं बंदीचं कलम तर १९२६ पर्यंत कागदावर राहिलं.

कनेक्टिकटमध्ये प्रुडन्स क्रँडल या शिक्षिकेने कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा चालवली, तेव्हा राज्याने १८३३ मध्ये बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शाळांना गावाच्या संमतीची अट घातली. पुढच्या वर्षी जमावाने शाळेवर हल्ला केला आणि ती बंद पडली. कायदा १८३८ मध्ये रद्द झाला.

कायदा मोडून शिकलेले

इतक्या पहाऱ्यातही लोक शिकले. जॉर्जियाच्या सव्हाना शहरात कृष्णवर्णीय स्त्रियांनी घरांत गुप्त शाळा चालवल्या. सुझी किंग टेलर अशाच शाळेत शिकल्या आणि यादवी युद्धात त्यांनी सैनिकांना शिकवलं. सेंट लुइसमधले पाद्री जॉन बेरी मीचम यांनी मिसिसिपी नदीवर, राज्याच्या हुकमतीपलीकडे, आगबोटीत शाळा भरवली, असं सांगितलं जातं. व्हर्जिनियात मार्गारेट डग्लस या गोऱ्या बाईंनी स्वतंत्र कृष्णवर्णीय मुलांना घरी शिकवलं म्हणून १८५४ मध्ये महिनाभर तुरुंगवास भोगला.

युद्धानंतर मिसुरीच्याच कृष्णवर्णीय सैनिकांनी आपल्या पगारातून पैसे जमवले आणि १८६६ मध्ये जेफरसन सिटीत लिंकन इन्स्टिट्यूट ही शाळा उघडली. शाळेला बंदी करणाऱ्या कायद्याला तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती.

आकडा कसा वाचायचा

या इतिहासाचं मोल महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी फार लवकर ओळखलं होतं. गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना त्यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला.

१८७० मध्ये अमेरिकेत लहान मुलं वगळता सुमारे ८० टक्के कृष्णवर्णीय निरक्षर होते. कोणी हा आकडा एखाद्या समाजाच्या मागासलेपणाचा पुरावा म्हणून पुढे करील, तर त्याला स्टोनोनंतरचा कायदा, उत्तर कॅरोलिनाचे फटके आणि मिसुरीचा दंड दाखवला पाहिजे. ही निरक्षरता विधिमंडळांनी मतदान करून घडवली होती. कोणत्याही समाजाच्या निरक्षरतेचा हिशेब मांडताना त्याच्यासाठी शाळेचं दार कोणी, कधी आणि कशासाठी बंद केलं, ही नोंद त्या आकड्यासोबत असायलाच हवी.