कुत्रा वाचतो ना?

‘इंडिपेन्डन्स डे’ (१९९६) या चित्रपटात लॉस एंजेलिस जळून खाक होतं. बोगद्यात अडकलेल्या गाड्यांवर आगीचा लोट येतो. किती माणसं गेली याचा हिशोब पटकथा देत नाही, प्रेक्षकही मागत नाही. सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो तो बूमर नावाच्या कुत्र्यासाठी. तो उडी मारून आडोशाला पोचतो आणि थिएटरचा जीव भांड्यात पडतो. शहर गेलं ते गेलंच.

यावर ‘माणूस निर्दय झालाय’ असं म्हणून मोकळं होता येतं, पण ते खरं नाही. जॅक लेव्हिन, अर्नोल्ड अर्ल्यूक आणि लेस्ली आयर्विन या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना मारहाणीची एक बनावट बातमी वाचायला दिली. बातमी तीच, मार खाणारा तेवढा वेगळा: एक वर्षाचं मूल, तिशीतला माणूस, कुत्र्याचं पिल्लू किंवा सहा वर्षांचा कुत्रा. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की सहानुभूतीत मागे पडला तो एकटा तिशीतला माणूस. तान्हं मूल कुत्र्यांच्याच रांगेत होतं. मला वाटतं, मोठ्या माणसाबद्दल वाचताना मनात कुठेतरी येतंच, यानं काहीतरी केलं असेल.

ही खोड जुनी आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी आणि चौघे भाऊ एकेक करून कोसळतात. भीम प्रत्येक वेळी विचारतो, का? युधिष्ठिराकडे कारण तयारच असतं. द्रौपदीचा अर्जुनाकडे ओढा, सहदेवाला बुद्धीचा गर्व, नकुलाला रूपाचा, अर्जुनाची बढाई, खुद्द भीमाचं खाणं. मागे वळूनही न बघता तो चालत राहतो. मात्र सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जायला साफ नकार देतो. आसऱ्याला आलेल्याला सोडणं हे त्याच्या लेखी पाप. कुत्रा म्हणजे साक्षात धर्म, हा उलगडा नंतरचा.

कथेतलं जनावर मेलं की लागतं ते या आसऱ्यापायी. म्हणूनच सगळ्यांत जिव्हारी लागणाऱ्या गोष्टींत मारणारा हात घरचा असतो. ‘ओल्ड येलर’मध्ये (१९५७) पिसाळलेल्या कुत्र्यावर गोळी झाडतो तो त्याचा लाडका पोरगाच. शरच्चंद्रांच्या ‘महेश’ या कथेतला गफूर तर बैलाला पोटच्या पोरासारखा जपतो. दुष्काळ, जमीनदाराचा जाच, गवताची काडी मिळत नाही. तहानलेला महेश गफूरच्या मुलीची घागर पाडून सांडलेलं पाणी पिऊ लागतो आणि संतापाच्या भरात गफूर त्याच्या डोक्यात नांगराचा फाळ घालतो. पुढे तो लेकीला घेऊन रातोरात गाव सोडून ज्यूटच्या गिरणीकडे निघतो. गफूरचा राग येत नाही, हे शरच्चंद्रांचं कसब. दोघेही त्याच दुष्काळाने मारलेले. पण बैलाला ते कुणी समजावून सांगायचं?

आपल्याकडे मंगेश हाडवळेच्या ‘टिंग्या’ने (२००८) हा प्रश्न उघडच मांडला. चितंग्या बैल खड्ड्यात पडून जायबंदी होतो. कर्जात बुडालेला बाप त्याला खाटकाला विकायला निघतो. त्याच वेळी शेजारची म्हातारी नानी आजारी आहे आणि तिच्यासाठी घर धावपळ करतंय. घरातल्या पोराला, टिंग्याला, हे कळत नाही. काम होत नसेल तर बैल विकायचा, मग नानीचं काय? मोठ्यांपाशी उत्तर नाही. माझ्या मते मराठी पडद्यावर या विषयावर याहून नेमकं काही आलेलं नाही, कारण इथे बाप खलनायक नाही. बैल विकला नाही तर पेरणी नाही.

पडद्याच्या बाबतीत आणखी एक धास्ती असते. ‘कट’ म्हटल्यावर मेलेला नट उठून चहा घेतो. घोडा उठेलच असं नाही. ‘जेसी जेम्स’च्या (१९३९) चित्रीकरणात घोडा कड्यावरून पाण्यात ढकलला गेला आणि मेला. त्यावरच्या ओरड्यातून हॉलिवूडमध्ये प्राण्यांवर देखरेख सुरू झाली. आपल्याकडेही चित्रीकरणात जनावर वापरायचं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते.

तरी ही माया सरसकट सगळ्या जनावरांच्या वाट्याला येत नाही. त्यासाठी जनावराला नाव लागतं, घरात जागा लागते. पडद्यावरच्या जत्रेत बकरा कापला गेला म्हणून कुणी डोळे पुसत नाही. नागराज मंजुळेच्या ‘फँड्री’त (२०१३) अख्खं कुटुंब गावासमोर डुकरामागे धावतं आणि गाव हसतं. आपला जीव तुटतो तो त्या घरातल्या पोरासाठी, जब्यासाठी, आणि तो तुटायलाच हवा. पण थिएटरमधून बाहेर पडताना त्या डुकराचं पुढे काय झालं, असं कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.