वाट आणि वाटा

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या होत्या. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात सायकलसाठी सापडलेल्या नव्या वाटेवर एक लेख, आणि त्या वाटेचा नकाशा. लेख वाचकांच्या हाती आहे. नकाशा मात्र मी दिलेला नाही. का दिला नाही, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आधीच कबूल करते की, मी खेळाडू नव्हे. कॉलेजात वीस वर्षे मराठी शिकवणारी, चाळिशी उलटलेली, चष्मेवाली बाई. पुण्यात वाढल्यामुळे सायकल मात्र लहानपणापासून ओळखीची. दोन वर्षांपूर्वी शेजारचा मुलगा जर्मनीला शिकायला गेला आणि आपली जाड टायरांची, गिअरची डोंगरी सायकल आमच्या व्हरांड्यात ठेवून गेला. "काकू, तिला अधूनमधून फिरवत जा," म्हणाला. मी तिला फिरवू लागले आणि थोड्याच दिवसांत ती मला फिरवू लागली. घरी 'हे' म्हणाले, "या वयात बायका गुडघ्यांसाठी तेल आणतात. तू गुडघ्यांसाठी चिलखत आणलंस!"

ही डोंगरी सायकल जन्माने अमेरिकन. कॅलिफोर्नियातील टॅमल्पायस नावाच्या डोंगरावर १९७० नंतरच्या काळात काही हौशी तरुण जुन्या, जाड चाकांच्या सायकली घेऊन मातीच्या रस्त्याने उतरू लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्याच परिसरातल्या एका उतारावर पहिली शर्यत झाली. त्या उताराचे नाव पडले 'रिपॅक'. कारण खाली पोहोचेपर्यंत मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. पुढे वीसच वर्षांत, १९९६ साली, हा खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये जाऊन पोहोचला.

मी मात्र पोहोचले भोरला. पुण्यापासून हे गाव सुमारे ५० किलोमीटरवर. एके काळी ही पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी होती. १९४८ साली संस्थान विलीन झाले. जवळच भाटघरचे धरण आहे, १९२८ साली पुरे झालेले. त्याच्या पाण्याच्या कडेकडेने भुतोंड्याकडे जाऊ लागले की, राजगडाची मागची बाजू समोर येते. पुण्याच्या लोकांना राजगड ठाऊक असतो तो पुढून. मागून पाहिला की, ओळखीच्या माणसाला पहिल्यांदाच त्याच्या घरच्या कपड्यांत पाहावे तसे वाटते. पलीकडे तोरणा, आणि डोंगराची सोंड ओलांडली की वेल्हे. त्या तालुक्याला आता राजगड हेच नाव मिळाले आहे.

या भागात शाळामास्तर असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने गेल्या मार्गशीर्षात मला ती वाट दाखवली. डांबरी रस्ता सोडून डोंगराच्या कुशीने जाणारी, सहासात किलोमीटरांची. दोन्ही बाजूंना कारवी, मधे एक ओढा, आणि शेवटी भाताच्या खाचरांच्या कडेने एका वाडीत उतरणारी. ती कोठेही उतारावर सरळ सुटलेली नाही. डोंगराच्या अंगाला बिलगून, कलत कलत, वळणे घेत ती खाली येते. सायकलला याहून चांगली वाट मिळणार नाही. "बाई, आपण नवी वाट शोधली!" असे माझा विद्यार्थी म्हणाला आणि मीही मान डोलावली.

ती मान तशीच डोलत असताना अपघात झाला. एका वळणावर डोक्यावर वैरणीचे भारे घेतलेल्या तीन बायका समोर आल्या. मी ब्रेक दाबला, पुढचे चाक मातीवर घसरले आणि मी कारवीत जाऊन पडले. पहिल्या बाईंचा तोल गेला व भारा खाली कोसळला. त्यांनी आधी मला उठवले. "लागलं का वं, बाई?" असे विचारले. मग भाऱ्याकडे पाहत म्हणाल्या, "घंटी तरी वाजवायची! डोक्यावर भारा असला म्हंजे आम्हाला वर बघता येत न्हाई, बाजूला बी होता येत न्हाई. पायाखालचं तेवढं दिसतं."

इतक्या वर्षांत इतकी साधी गोष्ट मला कोणी शिकवली नव्हती. माझी सायकल मी दोन बोटांनी थांबवू शकते. त्यांना थांबायचे तर सारा भार मानेवर तोलून धरावा लागतो. मग बाजूला कोणी व्हायचे?

आम्ही दोघांनी मिळून भारा पुन्हा त्यांच्या डोक्यावर चढवला. मी त्यांना मावशी म्हणू लागले आणि त्यांच्या घरी चहा घेतला. ही वाट त्यांच्या आजेसासूच्याही आधीपासूनची आहे, हे तेथे कळले. वैरण, सरपण, गुरे, बाळंतीण, आजारी माणूस, सारे याच वाटेने गेले. या मुलखातल्या वाटा अशाच ओझ्याने घडलेल्या आहेत. याच तालुक्यात केळदजवळ मढे घाट आहे. १६७० साली सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह त्या घाटाने कोकणात उमरठ्याला नेला, म्हणून त्याचे हे नाव, असे लोक सांगतात.

आमच्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे: वहिवाट. लोक पिढ्यानपिढ्या ये-जा करतात, त्यातून वाटेवर त्यांचा हक्क उत्पन्न होतो. अशी वाट कोणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली आजही तहसीलदाराकडे दाद मागता येते. म्हणजे आमची 'नवी' वाट नवी होती ती फक्त आमच्या चाकांना.

एवढे कळूनही मी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. आनंद एकट्याने भोगू नये, असे आपण मुलांना शिकवतो. मी घरी आल्यावर त्या वाटेचे इतके वर्णन केले, की जो तो पत्ता विचारू लागला. मी कागदावर नकाशा काढला आणि सहकाऱ्यांना, त्यांच्या मुलांना, मुलांच्या मित्रांना मोबाइलवर पाठवून दिला. मोबाइलवर गेलेला नकाशा कोठे थांबतो? आषाढात, भर पावसात, चाळीसएक सायकली एका दिवशी त्या वाटेवर उतरल्या. मी त्यांत नव्हते. पण नकाशा माझ्या हातचा होता.

ओल्या मातीत चाक रुतले की चाकोरी पडते. त्याच चाकोरीत दुसरे चाक, मग तिसरे. पाण्याला आयती पन्हळ मिळते. जुन्या माणसांनी वाट किंचित बाहेरच्या अंगाला कललेली ठेवली होती, ती एवढ्याचसाठी, की पडेल ते पाणी तेथल्या तेथे दरीकडे निघून जावे. वाटा आखणारे आजचे जाणकारही हेच सांगतात. चाकोरीने तो कल मोडला. वाटेवरचे पाणी वाटेनेच धावले, वळणावर बांध फोडून खाचरात शिरले आणि नुकतीच लावलेली रोपे गाळाखाली गेली. खाचर मावशींचे होते.

मला हे श्रावणात कळले. मी आणि माझा विद्यार्थी गेलो. मावशींनी रागावून बोलावे, असे मला फार वाटत होते. त्या रागावल्या नाहीत. चहा दिला आणि गप्प बसल्या. त्यांचे सासरे, ज्यांना सारी वाडी 'आबा' म्हणते, त्यांनी गेलेल्या रोपांचे पैसे मोजून घेतले. मग म्हणाले, "पैशानं बांध उभा ऱ्हात न्हाई. पाऊस सरला की कुदळी घिऊन या."

आश्विनातल्या दोन रविवारी आम्ही अकरा जण कुदळी आणि घमेली घेऊन गेलो. चाळीस आले होते, त्यांपैकी तिघेच आले. बाकीचे माझे विद्यार्थी व एक इतिहासाचे प्राध्यापक. आबा दगडावर बसून काठीने दाखवत होते: इथे माती भरा, इथे वाटेला आडवा चर काढा, इथे दगड बसवा. बांध उभा राहिला. माझ्या हातांना फोड आले. 'हे' म्हणाले, "चिलखत हातांना हवं होतं."

तेथेच वाडीने आणि आम्ही मिळून काही गोष्टी ठरवल्या. पावसाळ्यात आणि त्यानंतर जमीन वाळेपर्यंत चाक न्यायचे नाही. एका वेळी दहापेक्षा जास्त सायकली नाहीत. वळणावर घंटी वाजवायची. भारेकरी किंवा गुरे दिसली की, सायकलवरून उतरून दरीच्या बाजूला उभे राहायचे. वर्षातून एकदा कुदळ हाती धरायची. अमेरिकेतही अशाच तक्रारींमुळे सायकलींना डोंगरवाटा बंद होऊ लागल्या, तेव्हा १९८८ साली सायकलस्वारांनी आपली संघटना उभारली आणि पायी चालणाऱ्याला व घोडेस्वाराला आधी वाट द्यावी, हा नियम आपण होऊन पत्करला. आमच्याकडे घोडेस्वार उरले नाहीत; भारेकरी उरल्या आहेत.

२०२५ च्या जुलैमध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आनंदच आहे. पण आता या खोऱ्यात येणारी पावले आणि चाके वाढतील. त्यांना नकाशा कोणीही देईल. नकाशात वाट असते. तिच्यावरून कोण भारा घेऊन येत आहे, ते नसते.

व्याकरणाची बाई म्हणून एक गोष्ट नमूद करते. वाट आणि वाटा हे शब्द ऐकायला सख्खे वाटले, तरी त्यांची मुळे निराळी. वाट आली वर्त्मन्‌पासून, वाटा वण्टापासून. मीही ते वर्षानुवर्षे निराळेच शिकवले. पण वाट वाटून घ्यायची असेल, तर तिच्या राखणीतला आपला वाटा उचलावा लागतो, हे मला आबांच्या काठीने शिकवले.

तेव्हा वाचकहो, थंडी पडली की अवश्य या. राजगड आणि तोरणा यांच्यामधल्या कोणत्याही वाडीत सायकल थांबवा, खाली उतरा आणि "या वाटेनं जाऊ का?" असे विचारा. हो म्हणाले तर जा. नाही म्हणाले तर चहा घ्या आणि आल्या रस्त्याने परता. वळणावर घंटी वाजवायला विसरू नका. आमच्या मावशींना वर बघता येत नाही, पण ऐकू चांगले येते.