जिभेवरून निघालेली किळस

बुरशी आलेला पाव दिसला की इंग्रजी बोलणारा माणूस ‘डिस्गस्टिंग’ म्हणतो. म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढणाऱ्या मुलाबद्दलही तो हाच शब्द वापरतो. या विशेषणाच्या पोटात ‘गुस्टुस’ हा लॅटिन शब्द दडलाय, आणि त्याचा अर्थ आहे चव! मूळ ‘डिस्गस्ट’ हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला सोळाव्या शतकाच्या अखेरीस.

डार्विननेही या भावनेची नाळ चवीशीच जोडली. १८७२च्या त्याच्या पुस्तकात दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या टिएरा डेल फ्युएगोमधला एक प्रसंग आहे. तिथल्या एका रहिवाशाने डार्विनच्या खाण्यातल्या थंड, टिकवलेल्या मांसाला बोट लावून पाहिलं आणि त्या मऊपणाची त्याला शिसारी आली. इकडे परक्याचा हात लागला म्हणून डार्विनलाही ते नकोसं झालं. तो हात मळका दिसत नव्हता, हेही त्यानेच प्रांजळपणे नोंदवलंय.

पण आईला घराबाहेर काढणाऱ्या मुलाचं वागणं काही कुणी चाखत नाही. मग तिथे हा शब्द केवळ अलंकार म्हणून येतो का?

नासलेल्या दुधाचा वास आठवून पाहा. नाक आक्रसतं, वरचा ओठ उचलला जातो. हे काम नाकाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या एका चिमुकल्या स्नायूचं. टोरांटोच्या संशोधकांनी त्याच्यावर इलेक्ट्रोड लावले आणि लोकांना कडू द्रव पाजले, घाणेरडी चित्रं दाखवली. दोन्ही वेळा स्नायू हलला. मग पैसे वाटून घ्यायचा खेळ मांडला. दहा डॉलरांतले नऊ समोरच्याने स्वतःकडे ठेवून एकच पुढे केला, तेव्हा तोंडात काहीही नसताना तोच स्नायू आखडला! २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. मला तरी हा शोध विलक्षण वाटतो. जी वाट शब्दाने धरली, तीच चेहऱ्यानेही धरलेली दिसते.

पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने आणखी पुढचं दाखवलं. निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ सरबतात बुडवून काढलं, तरी लोक ते सरबत पीत नाहीत. आणि हिटलरने घातलेला स्वेटर म्हटलं, की तो स्वच्छ धुतलेला असला तरी अंगात घालायला बहुतेकांचं मन धजत नाही.