गिळते, पण पचवत नाही

आमच्या मुळशीत मानेला गाठ आली की आधी ‘अवधाण आलं’ म्हणतात. शेक देतात, वाट पाहतात. महिनाभरात बसली नाही, तर पुढचा संशय गंडमाळेचा, म्हणजे क्षयाच्या गाठींचा. आपल्याकडे तो रास्तच आहे. पण गाठींबरोबर एक डोळाही पुढे येऊ लागला तर? तेव्हा क्षय आणि कर्करोग यांच्यासोबत रोसाय-डॉर्फमन या दुर्मीळ आजाराचाही विचार व्हायला हवा.

१९६५ मध्ये फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञ देस्तोंब यांनी असे चार रुग्ण नोंदवले. १९६९ मध्ये हुआन रोसाय आणि रोनाल्ड डॉर्फमन यांनी तो स्वतंत्र आजार म्हणून मांडला आणि नाव त्यांचे लागले. (हल्ली काही जण देस्तोंब यांचेही नाव जोडतात. उशिरा का होईना!)

शरीरातला केरकचरा गिळणाऱ्या हिस्टिओसाइट पेशी यात बेसुमार वाढतात. त्या लिम्फोसाइट नावाच्या लहान पेशींना पोटात घेतात, पण पचवत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली त्या आत धडधाकट दिसतात. याला ‘एम्पेरिपोलेसिस’ म्हणतात. ग्रीक मुळात अर्थ आत हिंडणे असा.

१९९० मध्ये ४२३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतल्या ४३ टक्क्यांत आजार लसीका ग्रंथींबाहेरही आढळला. डोळा हे त्यांतले एक ठिकाण. बहुधा खोबणीतली चरबी, पापणी किंवा अश्रुग्रंथी सुजते. दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्ष होते. मग एकाचे दोन दिसू लागतात आणि दृष्टिनाडी दाबली गेली तर नजर जाऊ शकते. बुबुळाच्या आतल्या पडद्यांचा दाह त्याहून विरळा. तो क्षयाच्या दाहासारखाच भासतो. कधी मानेत एकही गाठ नसते!

घोटाळा असा की डोळ्याजवळच्या तुकड्यात तंतू जास्त आणि त्या ‘हिंडणाऱ्या’ पेशी थोड्या सापडतात. म्हणून विशेष रंजन करावे लागते: ‘एस-१००’ उमटते, ‘सीडी१ए’ उमटत नाही.

अनेकांची गाठ आपोआप ओसरते; डॉक्टर नुसती नजर ठेवतात. नाडीवर दाब असेल तर शस्त्रक्रिया किंवा स्टेरॉइड. हट्टी आजारात सिरोलिमस किंवा कोबिमेटिनिब. काही रुग्णांत जनुकीय बदल सापडल्यापासून ‘हा निव्वळ दाह’ असे म्हणणे मात्र मागे पडले आहे.

मी डॉक्टर नाही. पण पौडहून पुण्याला जाणाऱ्यांना एवढे सांगतो: तुकडा काढला असेल तर अहवालासोबत काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळाही मागून घ्या. दुसऱ्या तज्ज्ञाला तोच पुन्हा रंगवून पाहता येतो.