तंबाखूमुळे केस अकाली पांढरे होतात का? अभ्यास काय सांगतात?

अक्कलकोट : पंचविशीतला तरुण सलूनमध्ये कटिंग करून घेतो, सोबत डायही लावायला सांगतो. घरात स्थळे पाहणे सुरू असेल तर डायची घाई जास्तच. खुर्चीतून उठल्यावर मात्र खिशातली पुडी बाहेर येते आणि तळहातावर तंबाखू-चुना मळला जातो. पांढरे केस आणि ती पुडी यांचा काही संबंध आहे का?

संशोधनात काय आढळले?

ब्रिटनमधील ६०६ जणांची पाहणी १९९६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. वयाचा फरक जमेस धरूनही धूम्रपान करणाऱ्यांचे केस पांढरे असण्याची शक्यता सुमारे चौपट दिसली. २०१३ मध्ये जॉर्डनमधील २०७ जणांचा अभ्यास 'इंडियन डर्मेटॉलॉजी ऑनलाइन जर्नल'मध्ये आला. त्यात तिशीच्या आत केस पिकण्याची शक्यता धूम्रपान करणाऱ्यांत अडीचपट होती. त्यांचे केस सरासरी ३१व्या वर्षी पांढरे होऊ लागले, इतरांचे ३४व्या. अर्थात, दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही.

केसांचा रंग जातो कसा?

केसांच्या मुळाशी असलेल्या मेलॅनोसाइट पेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवतात. हे काम होताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. पार्लरमध्ये ब्लीचसाठी वापरतात तेच. कॅटलेज नावाचे विकर त्याचा निचरा करते. हा निचरा कमी पडला की केस आतूनच ब्लीच होऊ लागतो. धुरातील घटक शरीरावरचा असा 'ऑक्सिडेटिव्ह' ताण वाढवतात, असे संशोधक मानतात.

मग पुडीचे काय?

खरी मेख इथे आहे. वरचे दोन्ही अभ्यास धूम्रपानाचे. महाराष्ट्रात मात्र २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात आणि धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के. त्यामुळे सिगारेटवरचे आकडे मळलेल्या तंबाखूला किंवा मिश्रीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. 'पुडीने केस पिकतात' असे छातीठोकपणे सांगणारे फॉरवर्ड मेसेज म्हणूनच जपून वाचावेत.

अकाली केस पिकण्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि थायरॉइडचे विकार ही इतर कारणे. ती साध्या रक्ततपासणीत कळतात आणि त्यावर उपचारही होतात.

आरशात काय पाहावे?

पुडीचा खरा धोका केसांत नव्हे, तोंडात दिसतो. तोंडाच्या कर्करोगाशी तिचा संबंध पक्का सिद्ध झालेला आहे. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट लागताच होणारी आग, किंवा स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात न मावणे; यातले काहीही असल्यास दंतवैद्याकडे जावे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर मोफत समुपदेशन मिळते.